आपलें मूल अभ्यासांत कसें आहे?

(नभोवाणीवरील भाषण)

एप्रिल महिना सरत आला कीं छत्रपति संभाजीनगरांतील घराघरांत एक लहानसा कागद येतो. गुलमंडीजवळच्या जुन्या वाड्यांत येतो, तसाच सिडकोंतील नव्या घरांतहि येतो. त्याला प्रगतिपत्रक म्हणतात. वडील चष्मा पुसून तें वाचतात, आई त्यांच्या खांद्यावरून डोकावते, आजोबा दुरूनच विचारतात, "काय आलें?" आणि ज्याचें तें पत्रक असतें तो सात-आठ वर्षांचा जीव दाराआड उभा राहून मोठ्या माणसांच्या चेहऱ्यांकडे पहात असतो. कागदावर काय लिहिलें आहे तें त्याला नीटसें समजत नाहीं. पण चेहऱ्यांवर काय उमटलें तें त्याला पुरतेपणीं वाचतां येतें.

श्रोतेहो, आज मला त्या कागदाविषयीं आणि त्या दाराआडच्या मुलाविषयीं बोलावयाचें आहे. "आपलें मूल अभ्यासांत कसें आहे?" हा प्रश्न प्रत्येक सुशिक्षित घरांत विचारला जातो, परंतु उत्तर शोधण्याच्या आपल्या रीती बहुधा तीनच असतात. पहिली, पत्रकावरील श्रेणी पाहणें. दुसरी, शेजारच्या मुलाची श्रेणी विचारणें. आणि तिसरी, आपण स्वतः त्या वयांत कसे होतों तें आठवणें. या तिसऱ्या रीतींत माणसाची स्मरणशक्ति फार उदार होते, हें आपणांस निराळें सांगावयास नको.

या रीतींनीं मी स्वतःहि फसलों आहें, आणि मी तर शिक्षक होतों. माझ्या आरंभींच्या वर्षांत तिसरीच्या वर्गांत एक मुलगा होता. फळ्यावरचें उतरून घेतांना तो नेहमीं चुके, शेजाऱ्याच्या वहींत डोकावे, प्रश्न विचारला कीं गप्प राही. वर्षाअखेर मीं त्याच्या पत्रकावर "आकलन मंद" असे दोन शब्द लिहिले. त्या दोन शब्दांचें पुढें काय झालें तें मी शेवटीं सांगेन.

प्रथम कागदाकडेच वळूं. आपल्या राज्यांतील प्राथमिक शाळेचें पत्रक कसें तयार होतें, याची माहिती पुष्कळ पालकांना नसते. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ सालचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. मुलाला विषय किती समजला आणि समजलेलें तें किती वापरूं शकतें, याचें मूल्यमापन वर्षभर व सर्व बाजूंनीं व्हावें, असें त्या कायद्यानें सांगितलें. त्याला अनुसरून महाराष्ट्र शासनानें २० ऑगस्ट २०१० रोजीं 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापना'चा निर्णय काढला. त्यांत मूल्यमापनाचे दोन भाग केले. वर्षभर चालतें तें आकारिक, आणि सत्राच्या शेवटीं होतें तें संकलित. पहिली-दुसरीला शंभरांपैकीं ७० गुण आकारिक व ३० संकलित. तिसरी-चौथीला ६० व ४०. पांचवी-सहावीला निम्मे निम्मे. आणि सातवी-आठवीला ४० व ६०, असें प्रमाण ठरलें. आकारिक भागांत शिक्षकाचें रोजचें निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशीं निरनिराळीं साधनें येतात. या साऱ्यांची बेरीज होऊन तिची श्रेणी बनते: ९१ च्या पुढें अ-१, ८१ ते ९० अ-२, पुढें ब, क, ड अशी उतरण.

ही पद्धति विचारपूर्वक केलेली आहे, यांत शंका नाहीं. तीन तासांच्या एका परीक्षेंत तापानें फणफणलेल्या मुलाचें वर्ष बुडत असे, तें हिनें थांबविलें. पण बेरजेचा एक स्वभाव असतो. बेरीज झाली कीं, ज्या आंकड्यांची ती झाली ते आंकडे दिसेनासे होतात. समजा, दोन मुलांना मराठींत ब-१ मिळाला. एक मूल उत्तम वाचतें, पण चारचौघांत तोंड उघडत नाहीं. दुसरें गोष्ट सुरेख सांगतें, प्रकल्पाची वहीहि छान सजवितें (ती कोणीं सजविली हा प्रश्न आपण तूर्त सोडून देऊं), परंतु नवें पान पुढें ठेवलें कीं अडखळतें. दोघांची श्रेणी एक. दोघांची गरज मात्र अगदीं वेगळी. म्हणून श्रेणीपेक्षां तिच्या शेजारीं शिक्षकांनीं लिहिलेली वर्णनात्मक नोंद अधिक काळजीनें वाचावी. आणि ती नोंद "प्रगति समाधानकारक" इतकीच असेल, तर शाळेंत जाऊन पुढचा प्रश्न विचारावा. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें ज्या समग्र प्रगतिपत्रकाची शिफारस केली आहे, त्याचा हेतुहि हाच आहे: केवळ गुण न देतां मुलाचें चित्र द्यावें, आणि त्यांत मुलानें स्वतःविषयीं केलेलें मूल्यमापनहि असावें.

याला जोडूनच आणखी एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. १९२९ सालीं हार्टोग समितीनें हिंदुस्थानांतील प्राथमिक शिक्षणाचे दोन रोग दाखविले होते. मुलें शिक्षण अर्ध्यावर सोडतात हा एक, आणि एकाच इयत्तेंत वर्षानुवर्षें अडकून पडतात हा दुसरा. नापास होण्याचा शिक्का बसला कीं गरिबाचें मूल शाळेबाहेर पडे. २००९ च्या कायद्यानें आठवीपर्यंत कोणालाहि त्याच इयत्तेंत ठेवूं नये असें ठरविलें तें यासाठींच. पुढें २०१९ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि २०२३ सालीं महाराष्ट्रानें पांचवी व आठवी या दोन इयत्तांस वार्षिक परीक्षा लावली. तींत अनुत्तीर्ण होणाऱ्यास पुनर्परीक्षेची संधि आहे; तरीहि न जमल्यास त्याच इयत्तेंत रहावें लागतें. याचा अर्थ काय? पहिलीपासून चौथीपर्यंत मूल वरच्या वर्गांत जातें तें वय वाढतें म्हणून. वर चढणें हा शिकल्याचा पुरावा नव्हे. पहिला अडसर पांचवींत येतो, आणि तो येईपर्यंत घरांत कोणीं पाहिलेंच नसेल, तर चार वर्षांचें साचलेलें ऋण एकदम डोक्यावर येऊन पडतें.

मग घरीं पहावें तरी कसें? यासाठीं मोठ्या विद्येची गरज नाहीं. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानें २००५ सालापासून देशाच्या ग्रामीण भागांत 'असर' नांवाची पाहणी होत आली आहे. तिचे स्वयंसेवक शाळेंत न जातां घरीं जातात, मुलाशेजारीं बसतात आणि एकेका मुलाला वेगळें तपासतात. त्यांची वाचनाची शिडी अगदीं साधी आहे. पहिली पायरी अक्षरें. दुसरी सोपे शब्द. तिसरी पहिलीच्या पातळीचा लहान परिच्छेद. चौथी दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणिताचीहि अशीच शिडी: एक अंकी संख्या ओळखणें, दोन अंकी संख्या ओळखणें, हातच्याची दोन अंकी वजाबाकी, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनें भागणें. २०२४ सालच्या पाहणींत ग्रामीण भारतांतील पांचवीच्या मुलांपैकीं सुमारें ४९ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचतां आली, आणि भागाकार सुमारें ३१ टक्के मुलांना जमला. हे आंकडे खेड्यांचे आहेत, असें म्हणून शहरांतील आपण निश्चिंत होऊं नये. त्या घरांत निदान कोणीतरी जाऊन मुलाशेजारीं बसलें होतें. आपल्या घरांत तसें कोण, केव्हां बसलें?

सुटीच्या दिवशीं सकाळीं, मूल प्रसन्न असतांना, त्याला जवळ घ्यावें. पाठ्यपुस्तक घेऊं नये, कारण तें त्याला पाठ असतें. पान उलटें धरलें तरी कांहीं मुलें धडा अस्खलित म्हणून दाखवितात. एखादें मुलांचें मासिक, गोष्टीचें पुस्तक, किंवा आपणच सुवाच्य अक्षरांत लिहिलेल्या सात-आठ ओळी पुढें ठेवाव्या. मूल अडखळलें तर लगेच शब्द पुरवूं नये, कपाळाला आंठ्या घालूं नयेत, आणि मोठ्या बहिणीला शेजारीं बसवूं नये. आपण फक्त ऐकावें.

काय ऐकावें? एक म्हणजे वाचनाचा ओघ. ५ जुलै २०२१ रोजीं सुरूं झालेल्या 'निपुण भारत' अभियानानें तिसरीच्या अखेरीस मुलानें वयाला साजेसा अपरिचित मजकूर अर्थ समजून मिनिटाला निदान ६० शब्द या वेगानें वाचावा, असें लक्ष्य ठेविलें. हें माप खुणेच्या दगडासारखें वापरावें; घड्याळ हातीं घेऊन मुलाच्या उरावर बसूं नये. शिवाय आपल्या भाषेचा विशेष लक्षांत घ्यावा. 'वडिलांबरोबरच्या' हा मराठींत एक शब्द आहे. हिंदींत त्याचे तीन-चार होतात. विभक्तीचे प्रत्यय व शब्दयोगी अव्ययें आपण शब्दाला जोडून लिहितों, त्यामुळें मराठी शब्द लांब होतो. त्यांत पुन्हां जोडाक्षरें. एकटा 'र' घेतला तर तो 'सूर्य' या शब्दांत डोक्यावर बसतो, 'चक्र' यांत पोटांत शिरतो, 'ट्रक' यांत पायाखालीं जातो, आणि 'वाऱ्यावर' यांत आणखी निराळें रूप घेतो. दुसरींतील मुलानें 'सूर्य' हा शब्द 'सूय' असा वाचला, तर बिचारा 'र'च त्याला दिसलेला नसतो.

दुसरें म्हणजे चुकीची जात. सर्व चुका सारख्या नसतात. "नदीला पूर आला" हें वाक्य एका मुलानें "नदीला पाणी आलें" असें वाचलें, आणि दुसऱ्यानें "नदीला पुरी आला" असें वाचून तें तसेंच पुढें गेलें. अक्षरें मोजणारा परीक्षक म्हणेल, दुसऱ्याची चूक लहान. मी म्हणेन, पहिलें मूल अर्थ धरून चाललें आहे, त्याला फक्त नजर स्थिर करण्याची संवय हवी. दुसरें मूल आवाज काढीत आहे. आपण काय म्हणतों तें त्याला स्वतःलाच ऐकूं येत नाहीं. काळजी करावयाची ती याची.

तिसरें म्हणजे समज. मूल वाचून थांबलें कीं तीन प्रश्न विचारावे. उदाहरणार्थ, आपल्या शहरांतील पाणचक्कीविषयीं चार ओळी लिहून दिल्या: दूरच्या टेकड्यांतून मातीच्या नळांनीं पाणी आणलें, त्याच्या जोरावर जातें फिरे, त्या पिठाच्या भाकरी फकिरांना व वाटसरूंना मिळत. पहिला प्रश्न: पाणी कोठून येई? याचें उत्तर ओळींतच आहे. दुसरा: उन्हाळ्यांत झरा आटला तर वाटसरूंचें काय होईल? याचें उत्तर कोणत्याहि एका ओळींत नाहीं. दोन ओळी जोडाव्या लागतात. तिसरा: पाण्याऐवजीं दुसऱ्या कशानें जातें फिरवितां येईल? येथें मुलाला स्वतःचें डोकें लावावें लागतें. पुष्कळ हुषार समजलीं जाणारीं मुलें पहिल्या प्रश्नाला चटकन् उत्तर देतात आणि दुसऱ्याला वहींत उत्तर शोधूं लागतात. चौथी-पांचवींत इतिहास-भूगोलाची पुस्तकें जाड होतात, तेव्हां हींच मुलें एकाएकीं मागें पडलींशीं वाटतात. वस्तुतः तीं एकाएकीं मागें पडत नाहींत. इतके दिवस कोणीं दुसरा प्रश्न विचारलेला नसतो.

भाषेविषयीं आणखी एक सांगावयाचें आहे. आपलें शहर वली आणि सिराज या कवींचें. येथें कितीएक घरांत दखनी बोलली जाते, आणि मराठी घरांतहि "मी जायलो", "तो करायला" अशी मराठवाड्याची बोली चालते. मूल घरची भाषा शाळेंत बोललें म्हणून तें अशुद्ध किंवा मागासलेलें ठरत नाहीं. पुस्तकाची भाषा ही त्याला शिकावयाची दुसरी रीत आहे. गोष्ट समजली कीं नाहीं हें पहावयाचें असेल, तर तिचें उत्तर घरच्या बोलींत देऊं द्यावें. निजामी अमदानींत येथल्या कित्येक आजोबांनीं घरीं मराठी बोलून उर्दूंतून शालेय शिक्षण घेतलें. परक्या माध्यमांत शिकणाऱ्या मुलाला विषय येत नाहीं कीं भाषा येत नाहीं, हें ओळखण्याची चूक किती सहज होते, हें त्या पिढीला विचारावें. आज ज्यांचीं मुलें इंग्रजी शाळांतून शिकतात त्यांनाहि हाच प्रश्न लागूं आहे.

आतां गणित. आपल्या शहराला बावन्न दरवाजांचें शहर म्हणतात. पहिली-दुसरींतील मुलाला "बावन्न लिही" म्हणून सांगा. पुष्कळ मुलें २५ लिहितील. लगेच आपण म्हणतों, "लक्ष नाहीं!" परंतु दोष लक्षाचा नसून बराचसा आपल्या भाषेच्या रचनेचा आहे. 'बावन्न' म्हणतांना दोन आधीं व पन्नास मागून ऐकूं येतात; लिहितांना मात्र पांच आधीं लिहावयाचे. जर्मन भाषेंतहि बावन्नाला "दोन आणि पन्नास" असेंच म्हणतात, आणि तेथील मुलेंहि अशींच उलटापालट करतात. मराठींत त्यावर 'एकोण' आहे. 'एकोणपन्नास' म्हणतांना कानांत पन्नास घुमतात आणि हातानें चार लिहावयाचे असतात. आणि एवढें अंगवळणीं पडतें न पडतें तोंच 'नव्याण्णव' येऊन तो नियम मोडतो. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'पंचवीस'च्या जोडीला 'वीस पांच' अशी वाचण्याची रीत दिली, तेव्हां महाराष्ट्रभर मोठा वाद माजला. त्या वेळच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनीं मुलांची हीच अडचण लोकांपुढें मांडली होती. त्या रीतीविषयीं कोणाचें मत कांहींहि असो. अडचण खरी आहे.

म्हणून २५ लिहिणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वीं दहाच्या नोटा आणि रुपयाचीं नाणीं त्याच्या पुढें ठेवावीं व बावन्न रुपये मोजून द्यावयास सांगावें. त्यानें पांच नोटा आणि दोन नाणीं दिलीं, तर संख्या त्याला समजली आहे; लिहिण्याची दिशा तेवढी बसावयाची आहे, आणि ती थोड्या सरावानें बसते. दोन नोटा आणि पांच नाणीं दिलीं, किंवा बावन्न नाणीं मोजूं लागलें, तर दशक ही कल्पनाच अजून पक्की नाहीं. वहींतील चूक दोघांची एकच. उपाय मात्र दोन.

वजाबाकीचें तसेंच. ५२ मधून २७ वजा करावयाचे, उत्तर २५. एक मूल ३५ लिहितें. त्यानें काय केलें पहा: दोनांतून सात जात नाहींत, म्हणून सातांतून दोन काढले, पांच उरले, पांचांतून दोन काढले, तीन उरले. हा गोंधळ नव्हे, हा नियम आहे. फक्त तो मुलानें स्वतः बनविलेला आहे. अशा मुलाला पन्नास उदाहरणें घातलीं तर तें पन्नास वेळां तोच नियम गिरवील. त्याला एवढेंच विचारावें, "हें तूं कसें केलेंस, मला दाखव बरें." हें वाक्य घरच्या परीक्षेंतील सर्वांत मोलाचें साधन आहे, आणि उत्तर बरोबर असतांनाहि तें विचारावें, नाहींतर "कसें केलेंस?" म्हणजे "चुकलास", असें मूल समजूं लागतें.

पाढ्यांविषयींहि दोन शब्द. जुन्या पिढीची गणिताची कसोटी म्हणजे तिसांपर्यंतचे पाढे, आणि वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. तें पाठांतर निरुपयोगी नव्हतें. हाताशीं उत्तर असलें कीं डोकें पुढच्या विचाराला मोकळें राहतें. पण पाढा येणें आणि तो केव्हां वापरावा हें कळणें, या दोन गोष्टी आहेत. "साती आठी छप्पन" धडाधड म्हणणाऱ्या मुलाला विचारावें, "आठ रुपयांची एक अशा सात पेन्सिली घेतल्या, साठ रुपये दिले, परत किती?" गुणावें कीं मिळवावें याच विचारांत तें थांबलें, तर पाढा आहे पण गणित अजून यावयाचें आहे.

लेखनाच्या बाबतींत सुंदर अक्षर आपल्याला फार फसवितें. फळ्यावरून उतरलेलें स्वच्छ पान हें हाताचें काम आहे. महिन्यांतून एकदां मुलाला चार-पांच वाक्यें स्वतःच्या मनानें लिहूं द्यावीं: काल काय पाहिलें, कोणाशीं भांडण झालें, दौलताबादचा किल्ला चढतांना काय वाटलें. ऱ्हस्व-दीर्घ तूर्त पाहूं नये. सांगावयाचें तें क्रमानें सांगितलें आहे का, आणि वाचणाराला तें समजतें का, एवढेंच पहावें. पानावर तारीख घालून तें जपून ठेवावें. जून, दिवाळी आणि एप्रिल अशीं वर्षांतून तीन पानें पुरतात. तीं शेजारीं ठेवलीं म्हणजे मूल किती चाललें हें शेजाऱ्याच्या मुलाकडे न पाहतांहि दिसतें.

इतकें पाहूनहि मूल मागें आहे असें दिसलें तर? पहिल्यानें बुद्धीकडे बोट दाखवूं नये. डोळे, कान, झोंप, वारंवार चुकलेली शाळा, बदललेलें गांव, घरांतील आजारपण, वर्गांतील भीति, यांचा विचार अगोदर करावा. ज्या मुलाला दूरचें दिसत नाहीं तें कधीं तक्रार करीत नाहीं; सर्वांना असेंच दिसतें अशी त्याची समजूत असते. रस्त्यापलीकडील पाटी एकेक डोळा झांकून वाचावयास सांगावी, आणि शंका आली तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावें. पाठीमागून हलक्या आवाजांत हांक मारून पहावी.

बुद्धि मोजण्याच्या कसोट्यांचा इतिहासहि येथें आठवण्यासारखा आहे. १९०५ सालीं पॅरिसमध्यें आल्फ्रेड बिने यांनीं पहिली कसोटी रचली ती शाळेंत ज्यांना जास्त मदत हवी अशीं मुलें ओळखण्यासाठीं. बुद्धीचें माप हें मुलाच्या कपाळीं कायमचें लिहिलेलें असतें या समजुतीला बिने यांनीं पुढें स्पष्ट विरोध केला. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं ती कसोटी मराठी व कानडी मुलांसाठीं नव्यानें बसविली, आणि त्यांचा त्यावरील ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. परभाषेंतील प्रश्नांनीं आपल्या मुलांची बुद्धि मोजूं नये, हा त्या खटाटोपाचा अर्थ.

कांहीं मुलांची बुद्धि चांगली असून, डोळे-कान ठीक असून, शिकविणेंहि नीट असून, अक्षरांशीं किंवा अंकांशीं त्यांचें जमत नाहीं. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यानें या विशिष्ट अध्ययन-अक्षमतेला मान्यता दिली आहे. पहिलींतील मुलानें एखादें अक्षर उलटें काढलें म्हणून हें नांव कोणी देऊं नये. परंतु तिसरी उलटत आली, घरीं व शाळेंत मनापासून मदत झाली, आणि तरीहि सोपे शब्द दर वेळीं नवेच वाटत असतील, तर तज्ज्ञाकडे जाण्यास लाज वाटूं देऊं नये आणि उशीरहि करूं नये.

शाळेच्या पालकसभेंत आपण बहुधा "किती गुण पडले?" म्हणून विचारतों. त्याऐवजीं चार प्रश्न विचारून पहावे. दिवाळीपासून याला नवें काय येऊं लागलें? नेमकें कोठें अडतें? वर्गांत हा स्वतः होऊन प्रश्न विचारतो का? आणि घरीं आम्ही एक गोष्ट करावयाची तर कोणती? चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गांतील शिक्षकालाहि असे प्रश्न हवेसे वाटतात. निदान मला तरी वाटत. घरीं केलेल्या तीन पानांची वही बरोबर न्यावी. शिक्षकाला मूल वर्गांत दिसतें, तुम्हांला तें घरीं दिसतें. दोन्ही चित्रें शेजारीं ठेवल्यावांचून निदान पुरें होत नाहीं.

आतां माझ्या त्या दोन शब्दांची गोष्ट. "आकलन मंद" हें वाचून त्या मुलाच्या वडिलांनीं त्याचा संध्याकाळचा खेळ बंद केला, शिकवणी लावली, आणि धाकट्या भावादेखत ते त्याला 'ढ' म्हणूं लागले. तें मूल चौथींत गेलें, पांचवींत गेलें, अधिकाधिक गप्प होत गेलें. पांचवींत एका बाईंनीं त्याला दुसऱ्या कांहीं कारणानें पहिल्या बांकावर बसविलें, आणि आठ दिवसांत त्यांच्या लक्षांत आलें कीं आतां तो फळ्यावरचें बरोबर उतरून घेतो. त्यांनीं वडिलांना बोलावून घेतलें. चष्मा लागला, नंबर बराच मोठा निघाला. पुढें तो मुलगा चांगला शिकला, पण तिसरी आणि चौथीचीं दोन वर्षें त्याला कोणीं परत दिलीं नाहींत. मोठा झाल्यावर एकदां तो मला भेटला. मीं त्याची क्षमा मागितली. तो हंसून म्हणाला, "सर, मला वाटायचं फळा सगळ्यांनाच तसा दिसतो, आणि बाकीचे हुषार आहेत म्हणून त्यांना वाचतां येतो."

मीं त्याला शेजारीं बसवून एकदांहि विचारलें नव्हतें, "तुला काय दिसतें?"

श्रोतेहो, यंदाचें पत्रक घरीं येईल तेव्हां तें जरूर वाचा. पण वाचून झालें कीं घडी घालून ठेवा, दाराआड उभ्या असलेल्या त्या मुलाला आंत बोलवा, आणि त्यानें कधीं न वाचलेली एखादी लहानशी गोष्ट त्याच्या हातीं द्या. तें वाचीत असतांना तुम्ही शेजारीं बसून नुसतें ऐका.